पोराच्या डोक्यात किती शिल्लक राहतं?

सर, नमस्कार. माझा मुलगा तेरा वर्षांचा. तीन वर्षं झाली, इथे कोल्हापुरातच कार्टिंग करतोय, म्हणजे त्या छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यती. बक्षिसांनी शोकेस भरलीय. सगळे म्हणतात, या पोराला भीती म्हणून ठाऊक नाही, हा मोठा रेसर होणार. गेल्या महिन्यात शेवटच्या वळणावर त्याने पुढच्या मुलाच्या कार्टला धक्का दिला, त्याला टायरच्या भिंतीत घातलं आणि रेस जिंकली. मिस्टरांनी पेढे वाटले. माझ्या घशाखाली काही तो पेढा उतरला नाही. आता पुढच्या वर्षी त्याला परदेशात रेसिंगला पाठवायचं म्हणून नदीकाठचं दोन एकर उसाचं रान विकायचं चाललंय. सातबाऱ्यावर माझंही नाव आहे, त्यामुळे सही मलाही करायचीय. मोठी मुलगी बारावीला आहे, तिच्याबद्दल कुणी काही बोलत नाही. मला रेसिंगमधलं कळत नाही. सेन्ना, शूमाकर ही नावं आमच्याकडे देवासारखी घेतात. एवढंच सांगा, ही माणसं इतकी मोठी कशामुळे झाली? ते माझ्या पोरात आहे का, हे आईला ओळखता येतं का? आणि सही करू का?
एक आई, कोल्हापूर

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेतो, नाहीतर पुढचं सगळं वाचताना तुमचं लक्ष तिथेच लागून राहील. सही करू नका. निदान यंदा नको. का ते ओघात येईलच.

मी स्वतः रेसर नव्हतो. पंचविशीत नोकरीनिमित्त चेन्नईला होतो, तेव्हा सुट्टीच्या दिवशी इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर मार्शल म्हणून उभा राहायचो. हातात झेंडे, डोक्यावर ऊन, दुपारी डब्यात दहीभात. वळणावर उभं राहून एक गोष्ट लवकर कळली. ज्याची गाडी तिरकी होते, टायर किंचाळतात, ज्याला बघून लोक उठून उभे राहतात, तो घड्याळात बहुतेकदा दुसरा-तिसरा असायचा. पहिला येणारा गाजावाजा न करता समोरून निघून जायचा. दुसरी गोष्ट झेंड्याची. पुढे अपघात झाला की आम्ही पिवळा झेंडा हलवायचो. काही ड्रायव्हर स्टिअरिंगवरून हात जरासा उचलून 'दिसला' अशी खूण करत जायचे. काहींना झेंडा दिसायचाच नाही. नंतर विचारलं तर शपथेवर सांगायचे, झेंडा नव्हताच. खोटं बोलत नव्हते बिचारे. गाडी रस्त्यावर ठेवण्यातच त्यांचं सगळं लक्ष संपलेलं असायचं.

नुसता वेगवान ड्रायव्हर आणि महान ड्रायव्हर यांच्यातला फरक मला तरी तिथेच दिसतो. वेगवान पुष्कळ असतात. पण त्या वेगात गाडी हाकूनही ज्याच्या डोक्यात काहीतरी शिल्लक उरतं, असा एखादाच.

फॉर्म्युला वन म्हणजे या खेळातली सगळ्यात वरची स्पर्धा. तिच्यातली १९५० सालची मोनॅकोची रेस घ्या. समुद्राकाठचं शहर, आणि शर्यत त्याच्याच रस्त्यांवरून. पहिल्याच फेरीत बंदराच्या भिंतीवरून पाणी उडून रस्ता ओला झाला, एक गाडी गरकन फिरली आणि तिच्यावर मागच्या कितीतरी गाड्या आदळल्या. अर्जेंटिनाचा हुआन मॅन्युएल फांजिओ सगळ्यांच्या पुढे होता, त्याला यातलं काही ठाऊक नाही. दुसऱ्या फेरीला तो त्याच वळणाकडे आला. पलीकडचं दिसत नव्हतं. पण त्याच्या लक्षात आलं की लोक आपल्याकडे बघत नाहीयेत. पहिल्या नंबरची गाडी येतेय आणि प्रेक्षकांचे चेहरे दिसत नाहीत, डोक्यांच्या मागच्या बाजू दिसताहेत. म्हणजे पुढे बघण्यासारखं काहीतरी घडलंय. त्याने ब्रेक मारला, मोडक्या गाड्यांमधून वाट काढली आणि रेस जिंकली. वय ३८. पुढे पाच वेळा जगज्जेता झाला, तोही चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या चालवून.

हे जुन्या काळचं म्हणून सोडून देऊ नका. २०२३ साली मायामीच्या रेसमध्ये फर्नांडो अलोन्सो स्वतः तिसऱ्या नंबरसाठी झुंजत होता. ट्रॅकच्या कडेला मोठा पडदा लावलेला असतो प्रेक्षकांसाठी. चालत्या गाडीतून त्याने त्या पडद्यावर आपल्या टीममधल्या दुसऱ्या ड्रायव्हरने कुणाला तरी ओव्हरटेक केलेलं पाहिलं आणि रेडिओवरून त्याची तारीफ केली. आपल्याला पुढचा ट्रक ओलांडताना बायकोने काही विचारलं तर ऐकू येत नाही.

आता आकड्यांचं. तुमच्या घरी किती रेस जिंकल्या यावरून वाद होत असतील. इंग्लंडच्या हॅमिल्टनच्या नावावर २०२५ अखेर १०५ विजय होते, शूमाकरच्या ९१, फांजिओच्या फक्त २४. पण फांजिओ धावला ५१ रेस. १९५० साली वर्षभरात ७ रेस होत्या, २०२४ मध्ये २४. आणि या खेळात निम्म्याहून जास्त काम गाडी करते. म्हणून जाणकार आधी बघतात ते टीममधल्या जोडीदाराकडे, कारण त्याच्याकडे तीच गाडी असते. २०२३ मध्ये वर्स्टाप्पेनने १९ रेस जिंकल्या आणि त्याच टीममधल्या पेरेझने २. इथे गाडीचं निमित्त सांगता येत नाही. दुसरी कसोटी पावसाची. ओल्या रस्त्यावर इंजिनची ताकद निम्मी वाया जाते आणि माणूस उघडा पडतो. लहानपणी सेन्ना पावसातल्या एका कार्टच्या रेसमध्ये सपाटून हरला होता. त्यानंतर ब्राझीलमध्ये, त्याच्या साव पावलो शहरात, पाऊस पडला की हा कार्ट घेऊन बाहेर. १९९३ मध्ये इंग्लंडात डॉनिंग्टनच्या पावसात पहिल्या फेरीतच तो पाचव्यावरून पहिला झाला, ती विद्या तिथली.

पण मला विचाराल तर या सगळ्यांत मी जिम क्लार्कला वर ठेवीन. स्कॉटलंडचा शेतकऱ्याचा पोरगा, मेंढरांचं रान सांभाळणारा. घरच्यांना त्याचं रेसिंग मुळीच पसंत नव्हतं. ७२ रेसपैकी २५ जिंकल्या. दुसरा नंबर अख्ख्या कारकिर्दीत एकदाच, म्हणजे गाडी टिकली की बहुतेकदा पहिला, नाहीतर गाडी बंद. त्याच्या गाडीचे टायर आणि ब्रेक इतरांपेक्षा कमी झिजायचे, हे त्याच्या मेकॅनिकांनाच कोडं होतं. १९६५ ची ब्रिटिश ग्रां प्री, म्हणजे इंग्लंडातली फॉर्म्युला वनची रेस, ऐका. सिल्व्हरस्टोनला तो पुढे होता आणि शेवटी शेवटी इंजिनमधलं ऑइलचं प्रेशर पडायला लागलं. वळणावर तेल एका बाजूला सरकतं आणि पंपाला मिळत नाही, त्यात इंजिन जळून जायची भीती. याने काय केलं? वळण आलं की इंजिनच बंद करायचं, गाडी तशीच घरंगळत वळवायची, आणि सरळ रस्ता लागला की पुन्हा चालू. मागून ग्रॅहॅम हिल दर फेरीला जवळ येतोय. शेवटी क्लार्क जिंकला तो साधारण तीन सेकंदांनी. म्हणजे एकीकडे तो गाडी चालवतोय, दुसरीकडे तेलाचा हिशेब, तिसरीकडे हिल फेरीमागे किती खातोय त्याचा हिशेब. घरचं इंजिन जपून वापरणाऱ्या शेतकऱ्याला हे मी समजावून सांगायला नको.

ही शिल्लक जन्मतः जेवढी मिळते तेवढी कायम राहत नाही. ती संपते. फांजिओच्याच बाबतीत बघा. जून १९५२ मध्ये उत्तर आयर्लंडमधली रेस आटोपून दुसऱ्या दिवशी इटलीत मोंझाला धावायचं होतं. पॅरिसहून पुढचं विमान मिळालं नाही, म्हणून रात्रभर स्वतः गाडी चालवत आला, रेसच्या अर्धा तास आधी पोचला आणि तसाच बसला. दुसऱ्याच फेरीला गाडी उडाली, मान मोडली, ते वर्ष गेलं. हात तेच होते, गाडीही धड होती. डोक्यात काही उरलं नव्हतं.

आणि मुद्दाम सगळी शिल्लक उधळावी अशी वेळ त्याच्यावर एकदाच आली. ४ ऑगस्ट १९५७, जर्मनीतलं न्युर्बर्गरिंग. एक फेरी जवळपास २३ किलोमीटरची, डोंगरातली, दीडशेवर वळणं. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाडी थांबवायच्या जागी, टायर बदलताना मेकॅनिकांनी घोळ घातला आणि फांजिओ फेरारीच्या दोन पोरसवद्या ड्रायव्हरांच्या मागे, जवळजवळ पन्नास सेकंदांनी, ट्रॅकवर आला. दहा फेऱ्या उरलेल्या. त्याने एका फेरीच्या वेळेचा विक्रम मोडला, पुन्हा मोडला, पुन्हा मोडला. शेवटून दुसऱ्या फेरीत दोघांनाही गाठलं आणि चार सेकंदांच्या आत जिंकला. वय ४६. नंतर त्याने सांगितलं की असं मी आधी कधी चालवलं नव्हतं आणि पुन्हा कधी चालवायची इच्छाही नाही. जगज्जेतेपदाच्या रेसमधला त्याचा हा शेवटचा विजय. पुढच्या वर्षी त्याने हेल्मेट खुंटीला टांगलं आणि ८४ व्या वर्षापर्यंत जगला. त्या काळातल्या ड्रायव्हरांमध्ये हा शेवटचा आकडाही मोठाच म्हणायचा.

तुमच्या घरच्या देवाचं, सेन्नाचं, याच जातीचं एक उदाहरण आहे. मोनॅको, १९८८. रविवारच्या रेसला कोण कुठून सुटणार हे ठरवायला शनिवारी एकेका फेरीची वेळ लावायची असते. त्याने आपल्याच टीममधल्या प्रॉस्टपेक्षा जवळजवळ दीड सेकंद कमी वेळ लावला. या खेळात दीड सेकंद म्हणजे दुसरं गाव. पण त्या फेऱ्यांमध्ये आपण भान हरपून चालवतोय, हे मध्येच जाणवून तो स्वतःच घाबरला, गाडी हळू करून पिटमध्ये परत आला आणि त्या दिवशी पुन्हा बाहेर पडला नाही. दुसऱ्या दिवशी रेसमध्ये प्रॉस्टच्या मैलभर पुढे असताना, थोड्याच फेऱ्या उरल्या असताना, कुणाचा धक्का नाही की काही नाही, एकटाच भिंतीला जाऊन धडकला. गाडी तिथेच सोडली आणि तडक घरी गेला. त्यानंतर १९८९ पासून १९९३ पर्यंत मोनॅको दरवर्षी त्यानेच जिंकली. शनिवारची ती फेरी लोक अजून आठवतात, पण मला विचाराल तर तो मोठा झाला त्या रविवारच्या भिंतीपाशी.

आता भीतीबद्दल, कारण तुमच्या पत्रातलं ते वाक्य मला सगळ्यात खटकलं. 'याला भीती ठाऊक नाही' ही तेरा वर्षांच्या पोराची तारीफ नाही, त्याच्याबद्दलची काळजीची बातमी आहे. निकी लाउडा १९७६ मध्ये जळत्या गाडीतून बाहेर काढला गेला, मरणाच्या दारातून आला आणि सहा आठवड्यांत डोक्याला पट्ट्या बांधून मोंझाला चौथा आला. त्याच लाउडाने त्याच वर्षी जपानमधल्या शेवटच्या रेसला पावसाच्या धारांत दोन फेऱ्या मारून गाडी पिटमध्ये आणली आणि उतरला. इंजिन बिघडलं असं सांगू या, असं टीमचे लोक म्हणाले. तो नाही म्हणाला. जगज्जेतेपद एका गुणाने गेलं. पुढच्याच वर्षी ते परत मिळवलं, आणि मग १९८४ मध्ये पुन्हा एकदा, अर्ध्या गुणाने. जॅकी स्ट्युअर्ट १९६६ मध्ये बेल्जियममध्ये पेट्रोलने भिजून वीसेक मिनिटं गाडीत अडकला, बाहेर काढायला साधा पाना तिथल्या मार्शलांकडे नव्हता. तेव्हापासून तो कठडे, डॉक्टर, पट्टे यांच्यासाठी आयोजकांशी भांडत राहिला. लोक भित्रा म्हणायचे. हा भित्रा ९९ पैकी २७ रेस जिंकून गेला आणि तो विक्रम मोडायला १९८७ उजाडावं लागलं.

आता त्या पेढ्यांचं. ताई, तुमचा घसा बरोबर होता.

मोठ्यांनीही हे केलंय, ते लपवत नाही. १९९० मध्ये जपानमध्ये सुझुकाला सेन्नाने पहिल्याच वळणावर प्रॉस्टला मुद्दाम धडक दिली आणि वर्षभराने ते कबूलही केलं. १९९७ मध्ये स्पेनमध्ये हेरेझला शूमाकरने आपला प्रतिस्पर्धी व्हिलनव्ह याच्या गाडीवर गाडी घातली. स्वतःच खडीत रुतला, आणि वरून त्या वर्षीच्या क्रमवारीतूनच त्याला काढून टाकलं. त्यांचे चाहते सांगतील की असं केलं म्हणून ते मोठे झाले. मला उलटं दिसतं. ते मोठे होते म्हणून लोकांनी हे पोटात घातलं, आणि तरीही दोघांचं नाव निघालं की हे निघतंच. आता दुसरं टोक. १९५८ मध्ये पोर्तुगालच्या रेसनंतर माइक हॉथॉर्नला बाद करायची चर्चा चालली होती. स्टर्लिंग मॉस, त्याचा थेट प्रतिस्पर्धी, स्वतः अधिकाऱ्यांकडे गेला आणि म्हणाला, मी पाहिलंय, याची चूक नाही. हॉथॉर्नचे गुण वाचले. वर्षाअखेर तो मॉसपेक्षा एका गुणाने जगज्जेता झाला. मॉसने त्या वर्षी चार रेस जिंकल्या होत्या, हॉथॉर्नने एक. मॉस कधीच जगज्जेता झाला नाही, पण महान ड्रायव्हरांची यादी त्याला वगळून कुणी केलेली मी पाहिली नाही. तुमच्या मुलाने ज्याला भिंतीत घातलं त्याच्या घरी जाऊन यावं, एकट्याने नाही, वडिलांबरोबर. आणि पुढचे पेढे जरा जपून.

राहिलं रान. परदेशातल्या रेसिंगचा खर्च पायरीपायरीने वाढत जातो आणि प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा कितीतरी उंच असते. दोन एकरांचा पैसा पहिल्या पायरीला लागेल, मग? फ्रान्सच्या एस्तेबान ओकोनच्या आईवडिलांनी घर विकलं आणि कॅरॅव्हॅनमध्ये राहिले. तो फॉर्म्युला वनपर्यंत पोचला, २०२१ मध्ये हंगेरीत जिंकलाही. ही जमलेली गोष्ट म्हणून आपल्याला ऐकू आली. हॅमिल्टनचे वडील एकावेळी दोन-तीन नोकऱ्या करत, पण तो तुमच्या मुलाच्या वयाचा असतानाच मॅक्लारेन या फॉर्म्युला वनच्या टीमने त्याला हाताशी धरलं. शूमाकरचे वडील गवंडीकाम करायचे आणि हा पोरगा दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या टायरवर जिंकायचा. लाउडाने कर्ज काढलं, पण स्वतःच्या नावावर, स्वतःच्या आयुर्विम्यावर. आपल्या देशातून फॉर्म्युला वनमध्ये आजवर दोघेच धावले, २००५ मध्ये नारायण कार्तिकेयन आणि २०१० मध्ये करुण चंढोक. दोघांचेही वडील याच खेळातले. फॉर्म्युला वनच्या रेसमध्ये जागा वीस-बावीस, त्याही अख्ख्या जगाला मिळून. हे घाबरवायला सांगत नाही. खेळू द्या त्याला, भरपूर खेळू द्या, देशातल्या स्पर्धा खेळू द्या. बाहेरचा कुणी त्याच्यावर पैसा लावायला तयार होतो का, ते बघा. तो होत नसेल तर तुमचं रान ती जागा भरून काढणार नाही.

आणि माझं खरं कारण वेगळंच आहे. रान विकलं तर पोराला कळणारच. घरात अशा गोष्टी लपत नाहीत, बहिणीच्या तोंडाकडे बघूनही कळतात. मग तो वळणावर ब्रेक कुठे मारायचा ते ठरवेल, की या रेसला किती गुंठे गेले ते मोजेल? दोन एकर मांडीवर घेऊन बसलेल्याच्या डोक्यात काय उरणार!

तुम्हाला रेसिंगमधलं कळत नाही म्हणता, तर तीन कामं तुमच्यासाठीच काढून ठेवतो. सराव असेल त्या दिवशी दुसऱ्या एखाद्या मुलाशी त्याला कार्ट अदलाबदल करायला सांगा आणि दोघांच्या वेळा लिहून घ्या. शोकेसमधल्या बक्षिसांपेक्षा ही चार ओळींची वही जास्त बोलेल. दुसरं, जूनमध्ये पाऊस लागला आणि ट्रॅक चालू असला तर त्याला घरी ठेवू नका. आणि तिसरं, रेस झाल्यावर गाडीतून घरी येताना 'कितवा आलास' हे विचारू नका. असं विचारा: चौथ्या फेरीला तुझ्या मागे कोण होतं? निळ्या हेल्मेटवाल्याचं पुढचं कुठलं चाक आधी घसरत होतं? मार्शलने झेंडा कुठे दाखवला? मी कुठे उभी होते? तो 'काय माहीत, मी पुढेच बघत होतो' म्हणाला तर तो वेगवान मुलगा आहे, छान आहे, त्याला आणखी चार वर्षं खेळू द्या. पण तो जर सहज, मोबाईलवरून मान न काढता म्हणाला की तू आधी जाळीपाशी होतीस, मग बाबांशी काहीतरी बोलून सावलीत गेलीस, तर मला लगेच पत्र टाका.

हे या रविवारीच विचारून बघा. तो कितवा आला ते नाही कळवलंत तरी चालेल. मोठीच्या बारावीनंतरचं काय ठरतंय, ते मात्र कळवा.